मगर लग्नाला गेली

सामहाबाईंनी नवऱ्याला शेवटची तंबी दिली तेव्हा त्या कोल्ह्यावरची धूळ झटकत होत्या. पेंढा भरलेल्या कोल्ह्यावरची. जिवंत असता तर या घरातून केव्हाच पळून गेला असता, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

"नवालचे बाबा, ऐकताय ना? गुरुवारी ती कैरोची बाई येणार. तिनं कागद दिला तर तुमचं हे संग्रहालय खुशाल राहू दे, मी ब्र काढणार नाही. नाही दिला, तर शुक्रवारपासून ही खोली माझी. कोल्हा, घोरपड, बरणीतले विंचू, सगळी वरात गच्चीवर. माझी बहीण कोम ओम्बोहून येते आणि ह्या मेल्याच्या पायाशी झोपते. रात्रभर टक लावून बघतो म्हणते."

"त्याचे डोळे काचेचे आहेत," मास्तर म्हणाले.

"असतील. झोप तिची उडते."

अब्दून मास्तर दमले होते. पलीकडच्या काठावर, अस्वानच्या शाळेत, जन्मभर पोरांना बेडकाचं पोट उघडून दाखवता दाखवता ते दमले होते आणि निवृत्त झाल्यापासून जास्तच दमले होते. निवृत्त माणसानं घाटावर बसून डोमिनो खेळावा, ही नदीमधल्या त्यांच्या बेटावरची साधी सरळ रीत. मास्तरांनी तसं केलं नाही. घरातली सगळ्यात मोठी खोली, जिच्यात सामहाबाई नवरी होऊन आल्या होत्या आणि जिच्यात घरचे पाहुणे उतरतात ती, त्यांनी "दोन महिन्यांसाठी" मागून घेतली आणि तिथे न्युबियाची संस्कृती आणि प्राणिजीवन मांडलं. ते दोन महिने अजून संपायचे होते.

प्राणिजीवन त्यांचं स्वतःचं होतं. संस्कृती मात्र शेजाऱ्यांची. वरची गावं धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा ज्याच्या त्याच्या नातेवाइकांनी होडीत घालून जे आणलं होतं, ते घराघरांतून धूळ खात पडलं होतं. मास्तरांनी मागितलं, लोकांनी आनंदानं दिलं. लग्नाचा तांब्याचा हंडा, नवरीची रंगवलेली पेटी, धुपाटणी, डफ. दारावर टांगलेली मगर सुक्कराबाईंच्या आजोबांनी पकडलेली. आणि सगळ्यांत आधी आलेलं, खजुराच्या पातीचं विणलेलं मोठं तबक होतं दहिबा आत्याचं. आत्यानंच मास्तरांना लहानाचं मोठं केलं होतं. पंधरवड्यापूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात दुखवटा होता आणि मास्तर त्या तबकाकडे बघायचं टाळत होते.

आता हा कागद म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. सरकारी मान्यतेचा कागद. तो मिळाला की घाटावरच्या पाटीवर नाव लागणार, पर्यटकांच्या बोटी थांबणार, आणि मुख्य म्हणजे "मास्तरांची अडगळ" असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार. मास्तरांनी त्यासाठी कचेरीचे जिने झिजवले होते. पहिल्या टेबलानं विचारलं, हे माणसांचं संग्रहालय की प्राण्यांचं? दोन्हीचं, मास्तर म्हणाले. 'दोन्ही' असं खातंच नव्हतं. तबकांचा अर्ज वेगळा, घोरपडीचा वेगळा, आणि रंग बदलणारा सरडा जिवंत असल्यामुळे त्याला वरच्या मजल्यावर जावं लागलं. म्हणजे मास्तरांना. सगळ्यात घोळ मगरीनं घातला. ती दारावर दृष्ट लागू नये म्हणून टांगली असेल तर ती संस्कृती. नुसती बघायला टांगली असेल तर प्राणी. "तुमची नेमकी कशासाठी आहे?" कारकुनानं विचारलं. मास्तरांनी खूप विचार केला आणि खरं ते सांगितलं, की दोन्हीसाठी. मगर चार महिने दोन टेबलांच्या मध्ये लोंबकळत राहिली.

शेवटी तपासणी ठरली. ही बातमी बेटावर पोचली आणि सल्ले सुरू झाले. फिक्री होडीवाला माणसांना नदी ओलांडून देण्याचे पैसे घेई, सल्ला मात्र वर फुकट देई.

"मास्तर, मोठी बाई येणार म्हणजे भिंत निळी हवी. निळ्यावर कोल्हा उठून दिसतो."

मास्तरांनी निळा रंग आणला. अर्धी भिंत झाली तेव्हा तोच फिक्री दारात उभा राहून मान हलवू लागला. "निळ्यात कोल्हा बुडून मेल्यासारखा दिसतोय हो. पिवळा हवा होता." तोवर निळा संपला होता आणि मास्तरांचा उत्साहही. भिंत अर्धी निळी, अर्धी जुनी अशीच राहिली. दुसऱ्यानं सांगितलं, तिकीट ठेवा, तिकिटाशिवाय सरकार कशाला मानत नाही. मास्तरांनी दाराशी एक पेटी ठेवली. पण दारात आलेल्या माणसाला पैसे मागायचे, हे सामहाबाईंना काही केल्या रुचेना. पेटीत कोणी काही टाकलं की त्या शरमेनं त्याला जेवूनच पाठवत.

तर सोमवारी संध्याकाळी सुक्कराबाई आल्या. बरोबर दोन म्हातारे. तिघंही भिंतीला टेकून बसले आणि पुढे ठेवलेल्या चहाला कोणी हात लावला नाही. चहाला हात लागत नाही म्हणजे काहीतरी मागणं आहे, एवढं बेटावर शेळीलाही कळतं.

"मास्तर," सुक्कराबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात दुःख आहे. माझ्या घरात मिरगनीचं लग्न आहे. माझा पोरगा कुवेतहून आलाय, त्याची रजा संपत आलीय. तुम्ही हो म्हणालात तर करू. थांबा म्हणालात तर थांबू. तुमच्या शब्दापुढे आम्ही नाही."

बेटावर हा प्रश्न फार जुना आहे. ज्या घरात माणूस गेलं त्या घराला विचारल्याशिवाय गावात डफ वाजत नाही. आणि उत्तरही जुनंच आहे, एकच आहे. आजवर कोणी "थांबा" म्हणाल्याचं कोणाच्या ऐकण्यात नाही. विचारणाऱ्यांनी मेंढे आधीच विकत घेतलेले असतात. पण म्हणून विचारणं खोटं नसतं. मास्तर "थांबा" म्हणाले असते तर लग्न खरंच थांबलं असतं, मिरगनी बिनलग्नाचा कुवेतला परत गेला असता, आणि मास्तरांना कोणी एक शब्दही बोललं नसतं. पुढेही कधी नसतं बोललं.

"कधी म्हणता लग्न?" मास्तरांनी विचारलं.

"गुरुवारी."

गुरुवारी तर कैरोची बाई येणार होती. मास्तर मनात म्हणाले, थांबा म्हणावं, शनिवार करा म्हणावं, निदान घसा खाकरून वेळ काढावा. पण जिभेला वळण आत्यानं लावलेलं. जीभ म्हणाली, "करा ना! खुशाल करा. आत्या असती तर सगळ्यांत आधी तीच नाचली असती."

सुक्कराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हाताऱ्यांनी चहा उचलला. "डफावर पहिली थाप तुमची, मास्तर. त्याशिवाय आम्ही वाजवणार नाही," असं सांगून मंडळी उठली.

ती गेल्यावर सामहाबाईंनी कप गोळा केले. "शोभलात. आत्याचं नाव राखलंत. पण गुरुवारी तुमच्या त्या बाईला दाखवणार काय?"

"म्हणजे? संग्रहालय दाखवणार."

"हंडा सुक्कराचा. पेटी तिच्या जावेची. धुपाटणी पलीकडच्या आळीची. लग्नाचा भात काय तुमच्या विंचवांच्या बरणीत शिजवणार आहेत का?"

मास्तर खाली बसले. खुर्चीवर बसायचं होतं, पण तिथं घोरपड होती.

बुधवारी सकाळी बायका आल्या. हसत, गलका करत, आपल्याच घरात शिरावं तशा शिरल्या. मास्तर हंड्यापुढे हात पसरून उभे राहिले.

"सुक्कराबाई, हा हंडा तुम्ही संग्रहालयाला दिलेला आहे."

"दिलाय की! म्हणून तर इथे मागायला आले. दिला नसता तर माझ्याच घरात नसता का?"

"दिला म्हणजे कायमचा दिला."

"कायमचाच. शनिवारी आणून देते."

मास्तरांनी जन्मभर मठ्ठ पोरांना शिकवलं होतं, पण मठ्ठ पोरं निदान चुकीचं तरी बोलतात. सुक्कराबाई चूक बोलतच नव्हत्या. हंडा गेला. पेटी गेली. धुपाटणी, डफ, भिंतीवरची तबकं, मेंदीचा वाडगा, सगळं डोक्यावरून गल्लीतून गेलं. मागे खिळे राहिले आणि प्रत्येक खिळ्याखाली मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेली चिठ्ठी.

दुपारी शिडी घेऊन पुरुष आले.

"मगर नाही!" मास्तर ओरडले. "मगर प्राण्यांच्या अर्जात आहे!"

"अहो मास्तर, नव्या जोडप्याच्या दारावर मगर नको? पोरगा कुवेतहून आलाय, किती जणांचे डोळे असतील त्याच्यावर!" शिडीवरचा माणूस समजुतीनं म्हणाला. "आणि पणजोबांनी पकडलेली मगर पणतूच्या लग्नाला नाही, हे बरं दिसतं का?"

मगरीची शेपटी चौकटीत अडकली आणि टोकाकडचा थोडा पेंढा बाहेर आला. मास्तरांनी तो गोळा करून खिशात ठेवला. का ठेवला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी कचेरीला फोन लावला. वस्तू लग्नाला गेल्या आहेत, असं म्हणायला तोंड होईना. म्हणून ते म्हणाले, "आमच्या घरात दुखवटा आहे. तपासणी पुढच्या आठवड्यात..."

"अरेरे," कारकून म्हणाला. "कोण गेलं?"

"आत्या. पंधरवडा झाला."

"पंधरवडा झाला ना? मग गुरुवारपर्यंत सावराल. धीर धरा. मॅडमचा दौरा ठरलाय, आता नाही तर पुढच्या हिवाळ्यात बघू." आणि फोन ठेवला.

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. आत्या जिवंतपणी त्यांच्यासाठी पुष्कळ खोटं बोलली होती, शाळा बुडवली तेव्हा, होडी उलटवली तेव्हा. पण मेल्यावरसुद्धा तिला कामाला लावायचं म्हणजे हद्द झाली. आता एकच गोष्ट उरली होती. आत्याचं तबक त्यांनी सकाळीच खाली उतरवून पलंगाखाली सरकवलं होतं. ते कोणाचं नव्हतं, त्यांचं होतं. एका तबकाचं का होईना, संग्रहालय राहील.

गुरुवारी सकाळी पलंगाखाली वाकून बघतात तर तबक नाही.

"मी पाठवलं," सामहाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खजूर आणि मिठाई भरून. दुखवट्याच्या घरातून लग्नघरी रिकामे हात पाठवायचे का? लोक म्हणतील मास्तरांनी तोंडदेखलं हो म्हटलं."

"त्या तबकात कशाला? परात होती ना घरात!"

"परातीला गळती आहे. तुम्ही दुरुस्त करून आणणार होतात." मग त्या म्हणाल्या, "आणि आत्याचं तबक लग्नाला गेलं नसतं, तर आत्याला चाललं असतं का?"

मास्तरांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली.

मॅडम दहाच्या सुमाराला आल्या. त्यांना आणायला फिक्रीची होडी ठरली होती, आणि फिक्री हा व्यवहारी माणूस. एका खेपेत दोन कामं होत असतील तर तो दोन खेपा करत नाही. त्यामुळे कागदी फुलांनी सजवलेल्या होडीतून, पलीकडच्या काठावरच्या बारा-पंधरा नटलेल्या बायका, दोन मेंढे आणि मांडीवर फाइल घेतलेल्या शहीरा मॅडम, असे सगळे एकदमच घाटावर उतरले. वऱ्हाडातलीच कोणी समजून सुक्कराबाईंच्या पुतणीनं त्यांच्यावर अत्तर उडवलं. चष्म्यावर.

"मी तपासणीला आले आहे," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या.

"नवरीच्या ना?" पुतणी म्हणाली. "या की, आत्ताच मेंदी धुतलीय तिनं."

मास्तरांनी त्यांना कसंबसं सोडवून घरी आणलं. मॅडम पन्नाशीच्या, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं. अर्धी निळी भिंत बघितली. मग पहिल्या चिठ्ठीशी जाऊन वाचलं, "'लग्नाचा तांब्याचा हंडा.'" खाली बघितलं. जमिनीवर हंड्याच्या बुडाचा गोल डाग होता. "'नवरीची पेटी.'" मोकळी जागा. "'विणलेली तबकं, निरनिराळ्या नक्षीची.'" खिळे. खिळे मात्र निरनिराळे होते.

"मास्तर, मी कैरोहून रात्रभर गाडीत बसून आले. खिळे बघायला?"

"वस्तू बाहेर गेल्या आहेत, मॅडम."

"कुठे?"

मास्तरांनी शाळेत हजार वेळा पोरांना म्हटलं होतं, मान वर करून उत्तर द्या. त्यांनी मान वर केली. "लग्नाला."

मॅडमनी फाइल उघडली आणि मिटली. त्या पिंजऱ्यापाशी गेल्या. पिंजऱ्यात एक फांदी होती. "'रंग बदलणारा सरडा, जिवंत,'" त्यांनी वाचलं. "हाही लग्नाला?"

"नाही नाही, तो आहे! तो आहे. दिसत नाही इतकंच."

दोघं वाकून बघू लागले. मास्तरांना सरडा सापडेना. रोज सकाळी माशी खायला तोंड उघडून पुढे येणारा तो कृतघ्न प्राणी नेमका आज फांदी झाला होता. ज्या संग्रहालयात जे आहे ते दिसत नाही आणि जे दिसायला हवं ते नाही, तिथला तपासनीस काय लिहील, याची मास्तरांना पुरेपूर कल्पना आली. कोल्हा तेवढा टक लावून बघत होता.

तेवढ्यात दारातून फिक्रीनं डोकं घातलं. "मास्तर, चला! सगळे थांबलेत. डफ गरम करून ठेवलाय, तुमच्या थापेशिवाय कोणी हात लावत नाही."

मास्तरांनी मॅडमकडे बघितलं, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि फार दमलेला माणूस शेवटी जे करतो ते केलं. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या काढून हातात घेतल्या. "मॅडम, वस्तू बघायच्या आहेत ना? चला."

सुक्कराबाईंच्या अंगणात मांडव भरला होता. मास्तर चिठ्ठी शोधत हंड्यापाशी गेले. हंडा चुलीवर होता. "लग्नाचा तांब्याचा हंडा," ते मोठ्यानं वाचू लागले, "वरच्या गावातून आणलेला, धरणापूर्वीचा..."

"बाजूला व्हा मास्तर, वाफ लागेल," आचारी म्हणाला आणि त्यानं झाकण काढलं. मॅडमचा चष्मा पुन्हा गेला.

पेटीवर नवरीच्या मावश्या बसल्या होत्या. त्या उठेनात, म्हणून मास्तरांनी चिठ्ठी मावश्यांसमोर धरून वाचली. मगर नवरदेवाच्या दारावर होती, गळ्यात कागदी फुलं आणि पोटाशी विजेच्या दिव्यांची माळ. संग्रहालयात ती इतकी प्रसन्न कधीच दिसली नव्हती, हे मास्तरांनाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. मॅडमनी लिहिलं आणि लिहिता लिहिता उच्चारलं, "मगर: आहे. ठिकाण: इतरत्र."

मग त्या सुक्कराबाईंकडे वळल्या. "बाई, या वस्तू तुम्ही संग्रहालयाला दिल्यात?"

"हो तर! मास्तर आमचा घरचा माणूस."

"मग परत नेणार नाही, असं लिहून द्याल का? सगळे जण?"

"देऊ की! का नाही देणार? इकडे या गं सगळ्या, सही करायचीय, मास्तरांचं काम आहे!" बायका गोळा झाल्या. मास्तरांच्या जिवात जीव आला.

"म्हणजे पुन्हा कधीही वस्तू नेणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"कधीही नाही."

"पण आज नेल्यात."

"आज लग्न आहे."

"तेच म्हणते मी. लग्नाला न्यायच्या नाहीत."

"लग्नाला नाही तर मग कधी न्यायच्या?" सुक्कराबाईंना खरोखरच कळेना. त्यांनी काळजीनं मॅडमच्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलं पोरीला. सरबत आणा कोणी."

मॅडमना सावलीत बसवलं, लाल अंबाडीचं सरबत दिलं, पुढ्यात भेंडीचं कालवण आणि पातळ भाकरी ठेवली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तीन बोटांत दुमडला आणि कालवणाचा एक थेंबही न सांडता उचलला. कैरोच्या माणसाला हे सहसा जमत नाही. पण ते बघायला मास्तरांना सवड नव्हती, कारण त्यांना मांडवाच्या मधोमध ओढत नेलं होतं.

डफ त्यांच्या हातात दिला गेला. हंडासुद्धा कोणी ढवळेना.

समोर नवरीची करवली उभी होती आणि तिच्या हातात आत्याचं तबक होतं. काळी-जांभळी नागमोडी नक्षी, आणि कडेला एक टाका चुकलेला. तो टाका आत्याकडून चुकला होता त्या दिवशी छोटा अब्दून तापानं फणफणला होता आणि ती एका हातानं त्याचं कपाळ चेपत विणत होती. भिंतीवर तबक उंचावर टांगलेलं असायचं, तिथून तो टाका दिसत नव्हता. मास्तरांना आत्याची इतकी आठवण आली की त्यांचा हात वर गेला तो तिथेच राहिला. मातीच्या दिवशी, पाहुण्यांच्या चहापाण्याच्या धावपळीत, त्यांना रडायलाही फुरसत मिळाली नव्हती. ते आता रडले, भर मांडवात, डफ हातात घेऊन. कोणी "उगी" म्हटलं नाही. सगळे थांबले.

मग त्यांनी थाप मारली. चांगली जोरात मारली. आणि मांडव उसळला.

जाताना मॅडमनी तबक हातात घेऊन बघितलं. चुकलेल्या टाक्यावर त्यांचं बोट थांबलं. "कोणी विणलं?"

"माझ्या आत्यानं."

"माझी आजी अशीच नक्षी... तिचं गाव पाण्याखाली गेलं. आमच्याकडे काही राहिलं नाही." त्यांनी तबक परत दिलं आणि आवाज पुन्हा कचेरीचा केला. "मास्तर, मला वाईट वाटतं. पण हे मला संग्रहालय म्हणून लिहिता येणार नाही. नियमात वस्तू जागेवर हवी."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. त्यांना ते खरोखरच बरोबर वाटलं, हेच वाईट होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पक्कड घेतली. शब्द म्हणजे शब्द. कोल्हा, घोरपड, विंचू गच्चीवर गेले. सरडा आपण होऊन पिंजऱ्याच्या दाराशी येऊन बसला होता, ठळक हिरवा. त्याच्याशी मास्तर बोलले नाहीत. मग एकेक खिळा उपटला. सामहाबाईंनी खोली धुतली, चटई घातली, आणि त्या रात्री त्या मधोमध ऐसपैस झोपल्या. मास्तर ओसरीवर झोपले. म्हणजे पडून राहिले.

शनिवारी बायका परत आल्या, ठरल्याप्रमाणे. हंडा आला, त्याच्या तळाशी भात होता. पेटीत शेवया होत्या, वाडग्यात खजूर, एकही तबक काही ठेवल्याशिवाय आलं नव्हतं. आत्याच्या तबकात मेंढीचा अख्खा खांदा होता. बायकांनी खोलीत सगळं मांडलं आणि भिंतीकडे बघितलं.

"खिळे कुठे गेले?" सुक्कराबाईंनी विचारलं.

"आता नाहीत. संग्रहालय बंद झालं," मास्तर म्हणाले. "आपापल्या वस्तू घरी घेऊन जा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "घरी? घरी कुठे ठेवू? हंड्याच्या जागी आता फ्रीज आहे," सुक्कराबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात जावेच्या पोरीचं लग्न आहे. तेव्हा हंडा कोणाकडे मागायचा?" असं म्हणून, हा प्रश्न सोडवायचं काम मास्तरांचं आहे अशा खात्रीनं, त्या सगळं तिथेच ठेवून निघून गेल्या.

दारावर मगरही आपटली. शिडीवाले घाईत होते.

सामहाबाई त्या ढिगाऱ्यामध्ये उभ्या होत्या. चटई हंड्याखाली गेली होती. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की कोल्हा बरा.

"खिळे कोणी काढायला सांगितले होते?"

"तूच! शुक्रवारी खोली..."

"मी खोली मागितली होती. खिळे मागितले होते का? आता केर कुठून काढू? भिंतीवर होतं तेव्हा खालून झाडू तरी जात होता." त्यांनी आत्याचं तबक उचललं, मेंढीचा खांदा परातीत काढला (परात गळत होती), पुसलं, आणि भिंतीशी धरून उभ्या राहिल्या. "हं. ठोका. थोडं खाली, तो चुकलेला टाका दिसू दे. काल रात्री नुसती भिंत बघून मलाही झोप लागली नाही. पण कोल्हा खाली येणार नाही, सांगून ठेवते."

कोल्हा पुढच्या बुधवारी खाली आला. गच्चीवर मांजरं त्याला घाबरत नव्हती.

फोन आला तो हिवाळा सरता सरता. पलीकडून कमी बोलणारा आवाज. "मास्तर? मी शहीरा. माझ्या मुलीचं लग्न आहे. ते तबक... इथे दुकानात मिळतात ती पर्यटकांसाठीची. चार दिवसांसाठी मिळेल का?"

मास्तर ताठ बसले. अपमान झालेल्या माणसाला असा दिवस आयुष्यात एकदाच येतो. त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, नियमात वस्तू जागेवर हवी."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून कचेरीतून नाही, घरून फोन करते आहे."

"मग आमच्या कागदाचं..."

"कागद नाही देता येणार, मास्तर. नियम तोच आहे."

मास्तर बोलायला तोंड उघडतात तोच सामहाबाईंनी फोन हिसकावला. "पोरी, कोणाला तरी पाठव आणि ने. विचारायचं काय त्यात? मुलीचं नाव काय? बरं, मगर हवी का मगर? गाडीत मावेल, शेपटीचा पेंढा भरून देतो. आणि हे बघ, तबक परत पाठवशील तेव्हा रिकामं पाठवू नकोस."

तबक गेलं. त्या संध्याकाळी मास्तर खोलीत आले, खिळ्याखालची चिठ्ठी काढली आणि उलटी केली. कोऱ्या बाजूवर त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दहिबा आत्याचं तबक. कैरोला लग्नाला गेलं आहे. परत येईल.'

त्यांनी ती जागेवर लावली. मग अंगठ्यानं खिळा दाबून बघितला. पक्का होता.